पाळी चिंपांझींचीही जाते का?

प्रश्न : ताई, मी ४९ वर्षांची. आठ महिने झाले पाळी नाही, रात्री अचानक अंग पेटल्यासारखं होतं, थंडीतही फॅन पाचवर करून बसते. सासूबाई म्हणतात निसर्गनियमच आहे. मग माकडा-वानरांमध्येही असं होतं का?

उत्तर : अगं, फार छान विचारलंस! वय झालं की अंडाशय थकणं त्यांच्यातही आहेच, पण जंगलात बहुतेक माद्या त्यानंतर फारशा जगतच नाहीत, म्हणून बरीच वर्षं असंच धरलं होतं की पाळी जाऊनही पुढे दीर्घ आयुष्य जगणं ही प्रायमेट्समध्ये (म्हणजे माकडं, वानरं आणि माणूस यांच्या गटात) फक्त माणसाचीच गोष्ट. मग २०२३ मध्ये युगांडातल्या किबाले जंगलातल्या न्गोगो चिंपांझींचा अभ्यास आला. १८५ माद्यांच्या नोंदी, शिवाय लघवीतून हार्मोन तपासले, आणि पन्नाशीच्या आसपास एफएसएच (अंडाशयाला कामाला लावणारं हार्मोन) वर, इस्ट्रोजेन खाली, अगदी आपल्या रिपोर्टमध्ये दिसतं तसं! पन्नाशीनंतर एकीलाही पिल्लू झालं नाही, तरी काही जणी साठी ओलांडून जगल्या.

मला सगळ्यात भावलं ते हे की तिथे आजी नातवंडं सांभाळते असंही नाही, कारण मुली वयात आल्या की सहसा दुसऱ्या कळपात जातात, म्हणजे पाळी गेल्यावरही बाई इतकी वर्षं का जगते, याचं आपल्याकडचं 'आजीमुळे नातवंडं जगतात' हे उत्तर तिथे लागू पडत नाही.

आणि तुझं म्हणशील तर सलग १२ महिने पाळी नाही आली की मेनोपॉज धरतात, त्यानंतर थोडंसं जरी रक्त दिसलं तरी लगेच डॉक्टरांकडे जा, आणि झोप उडत असेल तर आत्ताच जा, त्यावर औषधं आहेत, अंगावर काढू नकोस गं.