मित्रदेशांच्या तोफा एकाच मापाच्या असताना एकत्र सराव कशासाठी?

सगळ्यांच्या तोफा १५५ मिलिमीटरच्याच असतील, तर नाटोचे देश आपापले तोफखाने एकत्र आणून सराव कशासाठी करतात, असा आपला प्रश्न आहे. मी भारतीय तोफखान्यातून निवृत्त होऊन कोल्हापुरात स्थायिक झालो आहे. माझ्या मते, या सरावात तोफेपेक्षा निरोपाची कसोटी अधिक असते.

पन्हाळ्यावर गेलो की मला १६६० चा वेढा आठवतो. राजापूरचे इंग्रज सिद्दी जौहरच्या मदतीला तोफा घेऊन आले होते. परंतु तेव्हा गोलंदाजाला गडाचा तट समोर दिसत असे. आजच्या तोफचीला वीस-पंचवीस किलोमीटरवरचे लक्ष्य दिसत नाही. पुढे बसलेला निरीक्षक जे कळवील, त्यावर विसंबूनच तो गोळा डागतो, आणि तो निरीक्षक दुसऱ्या देशाचा, दुसरी भाषा बोलणारा असू शकतो.

कोनाचेच उदाहरण घ्या. नाटोच्या पद्धतीत पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल (कोन मोजायचे एकक) होतात, तर जुन्या सोव्हिएत पद्धतीत ६०००. एका पद्धतीतले १००० मिल दुसऱ्या पद्धतीच्या तोफेवर तसेच लावले, तर १५ किलोमीटरवर गोळा जवळजवळ एक किलोमीटर बाजूला पडेल, आणि तिथे आपलीच माणसे असू शकतात. सोव्हिएत बनावटीच्या आणि पाश्चात्त्य तोफा दोन्ही बाळगणाऱ्या आपल्या सैन्याला हा फरक चांगला ठाऊक आहे.

मापाचेही तसेच आहे. अमेरिकेच्या एम-७७७ तोफेची नळी व्यासाच्या ३९ पट लांब असते, तर जर्मनीच्या पॅन्झरहाउबित्झे २००० ची ५२ पट. त्यामुळे तोच गोळा दोन्हींतून सारखा जात नाही. त्यात नळीची झीज, दारूचे तापमान आणि वारा यांचा हिशेब प्रत्येक देशाचा संगणक आपापल्या रीतीने करतो.

जर्मनीतील ग्राफेनव्होर येथे झालेल्या ‘डायनॅमिक फ्रंट’ सरावांत हे संगणक ‘आस्का’ या सामाईक व्यवस्थेने जोडून, एका देशाच्या निरीक्षकाची मागणी दुसऱ्या देशाच्या बॅटरीपर्यंत, म्हणजे तोफांच्या तुकडीपर्यंत, न चुकता पोचते का, हे तपासले जाते. गोळीबाराची परवानगी कोणी द्यायची आणि गोळ्याच्या वाटेतील आकाश विमानांपासून मोकळे आहे याची खात्री कोणी करायची, हेही तिथेच पक्के करावे लागते, कारण ऐन लढाईत त्याला सवड नसते.

भारत कोणत्याही लष्करी गटात नाही. तरीही अमेरिकेसोबत २००४ पासून चालणाऱ्या ‘युद्ध अभ्यास’ या सरावात, २०२४ साली राजस्थानातील महाजन येथे, अमेरिकेची हायमार्स रॉकेट यंत्रणा आणण्यात आली होती.