कपाट गच्च भरलंय आणि घालायला काही नाही

प्रश्न: ताई नमस्कार, मी डोंबिवलीची, वय 46, बँकेत नोकरी. थायरॉइडनंतर वजन बरंच वाढलं आणि तेव्हापासून कपाट उघडायचीच इच्छा होत नाही. साड्या ढीगभर आहेत पण एकाही ब्लाउजचे हुक लागत नाहीत, कुर्ते दोन साइजचे पडलेत, बारीक असतानाचे आणि नंतर घाईघाईत ऑनलाइन मागवलेले, आणि रोज शेवटी तेच चार कुर्ते आलटून पालटून घालते. मिस्टर म्हणतात देऊन टाक की सगळं, पण हात होत नाही. कुणाचं लग्न असलं की आदल्या रात्री रडू येतं. आवरायचंही आहे आणि जरा बरं दिसायचंही आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: त्या चार कुर्त्यांपासून करा. चारही पलंगावर शेजारी शेजारी मांडा आणि बघा त्यांच्यात काय सारखं आहे. गळा कसा आहे, बाही कोपरापर्यंत आहे की पाऊण, कापड कॉटन की रेयॉन, गुडघ्याखाली किती येतो, कंबरेत टाइट आहे की सरळ, रंग गडद की फिके. बघालच तुम्ही, दोन-तीन गोष्टी चौघांत सारख्या निघतील. सकाळची लोकल पकडायच्या घाईत हात आपोआप ज्याच्याकडे जातो ना तीच तुमची स्टाइल, ती कुठून विकत आणायची नाहीये, फक्त कागदावर लिहून काढायची आहे. मग पुढचा कुर्ता घेताना त्या कागदाशी जुळतो का एवढंच बघायचं, सेल आहे म्हणून नाही आणि मैत्रिणीला छान दिसला म्हणून तर नाहीच नाही.

आता आवरणं. अख्खं कपाट एका दिवशी रिकामं करू नका प्लीज, दुपारपर्यंत उत्साह संपतो आणि मग तो ढीग कसातरी परत आत कोंबला जातो. एका वेळी एकच कप्पा. आणि प्रत्येक कपडा अंगावर घालून बघायचा, नुसता हातात धरून नाही. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसते का ते बघा, कारण कंबर, बाही, उंची सगळं टेलर कमीजास्त करतो पण खांदा नीट बसत नसेल तर तो कुर्ता जवळजवळ परत शिवण्यासारखंच काम होतं. तसले द्या काढून. "बारीक झाल्यावर घालीन" वाले कपडे मात्र डोळ्यांसमोरच्या कप्प्यातून आजच हलवा. टाकू नका वाटलं तर, बॅगेत भरून माळ्यावर ठेवा, पण रोज सकाळी कपाट उघडल्या उघडल्या तुमच्या आजच्या शरीराला नापास करणारे कपडे पहिले दिसायला नकोत. मला विचाराल तर आवरण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, घड्या कशा घालायच्या वगैरे नंतर.

आणि साड्यांचा प्रश्न साड्यांचा नाहीच, ब्लाउजचा आहे. साडी सगळ्या वजनांत बसते. एकेक ब्लाउज उलटा करा आणि काखेखालची शिवण बघा. आपल्याकडचे बहुतेक टेलर आत मार्जिन सोडतात, काही तर पुढचा विचार करून दोन-तीन टिपा घालून ठेवतात, म्हणजे बाहेरची ठेवायची आणि आतली उसवायची, झालं. हिशोब असा, शिवण प्रत्येक बाजूला अर्धा इंच बाहेर सरकवली तर पुढचा आणि मागचा भाग दोन्ही वाढतात, म्हणजे घेर एकूण दोन इंचांनी वाढतो. दोन इंचात खूप ब्लाउज परत अंगात येतात! सिल्कवर जुन्या टिपेची भोकं दिसतात, पण ती काखेखाली येतात, कोण बघतंय. मार्जिन नसेल तर काखेखाली त्याच रंगाची पट्टी घालून घ्या, आणि दंडाला घट्ट होत असेल तर बाहीची शिवणही सोबत उसवायला सांगा, नाहीतर छातीत बसेल आणि हात वर होणार नाही.

जे काहीच करून येणार नाहीत त्यांच्याऐवजी तीनच नवीन ब्लाउज शिवा, एक काळा, एक मोतिया आणि एक खणाचा, लाल किंवा मरून. या तिघांवर निम्म्याहून जास्त साड्या निघतील. खण घ्यायला गेलात की पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, आधी विचारा, पारंपरिक खणाचा पन्हा लहान असतो आणि मोठ्या मापाला तेवढ्यात पाठ आणि बाह्या दोन्ही बसत नाहीत, तेव्हा किती खण लागतील ते टेलरलाच विचारून जा. माप देताना आतून तीच ब्रा घाला जी साडीवर घालणार आहात. आणि माप ऐकून दचकू नका हो, तो आकडा वहीत राहतो, अंगावर कुणाला दिसत नाही, दिसतं ते नीट बसलेलं की खेचलेलं. लग्नाच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबायचं नाही, पत्रिका आली की त्याच आठवड्यात साडी, ब्लाउज, परकर सगळं एकत्र घालून आरशासमोर दहा मिनिटं फिरा, बसा, हात वर करा.

देऊन टाकायचं म्हणाल तर मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी शिवून घ्या, बाकीच्या बोहारणीला. बोहारीण येत नसेल तुमच्याकडे तर घरकामाच्या ताईंना आधी विचारा, पण धुऊन, हुक-बटण लावून द्या.

प्रश्न: सासूबाईंची पैठणी माझ्याकडे आलीये, जांभळी, बांगडी-मोराच्या पदराची. आम्ही चिपळूणला राहतो, पावसाळ्यात कपाटात ओल येते. जर थोडी काळी पडलीये. कशी ठेवू, आणि खरं सांगू का, नेसायचीच भीती वाटते, काही झालं तर?

उत्तर: पैठणी हँगरवर लावू नका, जरीचं वजन खाली ओढत राहतं आणि रेशीम ताणतं. जुन्या, खूपदा धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा, मलमल किंवा जुनं धोतर एकदम मस्त, प्लास्टिकची पिशवी अजिबात नको कारण आत दमटपणा अडकतो. पावसाळा सोडून दर दोन-तीन महिन्यांनी उघडून घडी बदला, जिथे मोडली होती तिथे परत मोडायची नाही, रेशीम त्या रेघेवरच विरतं. जरीची बाजू आत. डांबरगोळ्या टाकायच्याच असतील तर कापडात बांधून कोपऱ्यात, साडीला टेकता कामा नये, त्यापेक्षा लवंगांची पुरचुंडी बरी. अत्तर, स्प्रे साडी नेसायच्या आधी अंगावर, जरीवर कधीच नाही.

काळेपणाचं म्हणाल तर जुन्या पैठणीची जर चांदीच्या तारेची असायची, वर सोन्याचा मुलामा, आणि चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. म्हणजे घाबरू नका, तुमची जर चांदीची असूही शकते. लिंबू, टूथपेस्ट असले युट्यूबवरचे प्रयोग करू नका, रेशीम जाईल. जाणकार रफूवाल्याला किंवा येवल्याच्या विणकराला दाखवा, किंवा आहे तशीच ठेवा, थोडी काळपट जर मला तर फार सुंदर दिसते. चिपळूणला पावसात ती कपाटातून काढूच नका, पाऊस संपून कोरडी हवा सुटली की सावलीत पंख्याखाली दोन तास पसरा, उन्हात नाही. आणि हो, कॉटनच्या साड्या पावसाळ्यासाठी ठेवताना खळ धुऊन काढून ठेवा, खळीला कसर लागते आणि मग ती कसर शेजारच्या साड्यांत पण जाते.

आता भीती. नेसा. ट्रंकेत पडून पण रेशीम घडीवर तुटतंच, त्यापेक्षा अंगावर जुनं झालेलं काय वाईट. पदर पिन-अप करून बारीक प्लेट्समध्ये कोंबू नका, मोर सगळे आत जातात, सुटा सोडा डाव्या हातावर. पैठणीचा पदर हाताने एकेक रंगाचा धागा फिरवून विणलेला असतो, म्हणून मागची बाजूही जवळपास पुढच्यासारखीच सुबक, तो दिसू दे. असला पदर असताना ठुशी, तन्मणी, लक्ष्मीहार सगळं एकदम नको, एकच काहीतरी. नेसून आल्यावर लगेच घडी घालू नका, रात्रभर सावलीत मोकळी टाका, घामाचा दमटपणा जाऊ दे.

प्रश्न: वय 64, सातारा. मिस्टरांना जाऊन दोन वर्षं झाली. कपाटात हिरव्या, केशरी, राणी रंगाच्या साड्या तशाच आहेत, सून म्हणते आई नेसा, पण जिना उतरले की शेजारणींची नजर आठवते आणि परत मोतिया काढते. हे रंग माझे होते हो. आता या वयात काय करावं?

उत्तर: काकू, ते रंग तुमचे होते आणि आहेत. लग्नाच्या आधी, परकर-पोलक्यात असताना हिरवा घालत होतात ना, तेव्हा कुणाच्या नावाने नव्हता घातला. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला की पतीनिधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे आमच्या गावात बंद, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगणारं परिपत्रक काढलं. एक अख्खं गाव ठरवू शकतं, मग तुमच्या जिन्यावरच्या चार नजरांचं एवढं काय. पण मी तुम्हाला उद्याच राणी रंग नेसून हळदीकुंकवाला जा असं म्हणणार नाही, कारण नजरा तुम्हाला झेलायच्या आहेत, मला नाही. सुनेची साथ आहे ती मोठी गोष्ट आहे. पहिल्यांदा घरात नेसा, एखाद्या साध्या मंगळवारी, स्वयंपाक करताना. मग सुनेबरोबर बाजारात. मोतिया साडीवर हिरवा ब्लाउज असंही चालेल मधल्या काळात. कुणी बोललंच तर उत्तर देत बसायचं नाही, "आवडते मला" एवढं म्हणून भाजीची पिशवी उचलायची. आणि कधी तुम्हालाच मोतिया नेसावीशी वाटली तर नेसा की, तोही तुमचाच रंग, फक्त भीतीने निवडलेला नको.

आणि त्या साड्या दोन वर्षं घडीवर आहेत, या आठवड्यातच उघडून घड्या बदला.

प्रश्न: ताई मी 23 चा, लातूरचा, पुण्यात आयटीत पहिली नोकरी लागलीये. ऑफिसात सगळे ब्रँडेड घालतात, माझ्याकडे पाच शर्ट आणि रूमवर अर्धं कपाट. गावाकडचा वाटतो की काय असं सारखं वाटतं.

उत्तर: अरे पाच शर्ट आठवड्याला बरोब्बर पुरतात! पैसे ब्रँडवर नको घालवू, आल्टरेशनवाल्याकडे घालव. शर्टाचा खांदा बसतोय पण पोटाकडे फुगतोय तर बाजूने घेऊन देतो तो, पँट बुटाच्या वर गोळा होत असेल तर खालून आखूड करून देतो, आणि ह्या दोन गोष्टींनी साधा शर्ट पण मापाचा दिसतो. पांढरा, फिकट निळा, बारीक रेघांचा, असे शर्ट असले की नेव्ही आणि करड्या दोन्ही पँटवर कुठलाही चालतो, सकाळी डोकं लावायला नको. कॉलरचं बटण लावून दोन बोटं आत गेली पाहिजेत. अर्ध्या कपाटात शर्ट हँगरवर, पँटी घडी करून खाली, टीशर्ट उभे गुंडाळून, म्हणजे सगळे एका नजरेत दिसतात. रविवारी पाचही एकदम इस्त्रीला टाक आणि पहिल्या पगारात एक चांगला चामड्याचा बूट आणि पट्टा घे, दोन्ही एकाच रंगाचे. आणि लातूरचा आहेस ते मोकळेपणाने सांग, मीटिंगमध्ये पण, त्याचा शर्टाशी काही संबंध नाही.