लायसन, मालिका आणि पहाटेचा टीव्ही : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : माझा पोरगा इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. तिथं टीव्ही बघायला सरकारी लायसन काढावं लागतं म्हणायलाय. टीव्ही आपला, वीजबिल आपलं, मग लायसन कसलं? (उदगीर)

पोरगा खरं सांगतोय. 2025-26 साली या लायसनचे वर्षाला 174 पौंड 50 पेन्स पडत होते, म्हणजे आपले वीस हजारांच्या आसपास. कुठलंही चॅनेल थेट प्रक्षेपण चालू असताना बघायचं असेल तर ते लागतं. मग तुम्ही बीबीसी लावा नाहीतर लावू नका. ब्लॅक अँड व्हाइट सेटचं लायसन वेगळं आणि स्वस्त आहे, आणि ते आजही मिळतं! सरकार हा पैसा मुख्यतः बीबीसीला देतं. म्हणून इंग्लंडात बीबीसीच्या कार्यक्रमात साबणाची जाहिरात मध्ये येत नाही.

पण आपण एवढं नवल करायचं कारण नाही. आपल्याकडेही लायसन होतंच. रेडिओचं आणि टीव्हीचं लायसन पोस्टात जाऊन भरावं लागायचं, पुस्तकावर शिक्का मारून घ्यावा लागायचा. तुमच्या घरातल्या जुन्या ट्रंकेत बघा, वडिलांचं एखादं पुस्तक सापडेल. 1980च्या दशकाच्या मध्यात ते बंद झालं आणि दूरदर्शन सरकारी अनुदानावर आणि जाहिरातींवर चालू लागलं. जर्मनीत उलटं झालं. 2013पासून तिथं दर घरामागे वर्गणी आहे, सध्या महिन्याला 18 युरो 36 सेंट. घरात टीव्ही नसला तरी सुटका नाही.

कुठल्याही दोन चॅनेलांची तुलना करताना मी पहिल्यांदा विचारतो ते हेच : पैसा कुणाच्या खिशातून येतो? डीडी फ्री डिशला महिन्याचा रुपया लागत नाही म्हणून आपण ते फुकट समजतो. पण त्यावर जागा मिळवायला खासगी चॅनेलं लिलावात बोली लावतात आणि तो पैसा जाहिरातींतून काढतात. म्हणजे तुम्ही साबण घेताना वर्गणी भरताच. फक्त पावती मिळत नाही.

प्रश्न : आपली सह्याद्री वाहिनी बीबीसीसारखी का होऊ शकत नाही? (लातूर, निवृत्त शिक्षक)

गुरुजी, जोडी चुकतेय. बीबीसीशी तुलना करायची तर दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या अख्ख्या प्रसार भारतीची करा. सह्याद्रीचं खरं भावंड शोधायचं तर ब्रिटनमधल्या वेल्समध्ये जावं लागेल. तिथं एस-फोर-सी नावाचं वेल्श भाषेतलं चॅनेल आहे. वेल्श बोलणारी माणसं 2021च्या जनगणनेत साधारण 5 लाख 38 हजार निघाली, म्हणजे तुमच्या लातूर जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. मराठी मातृभाषा सांगणारे 2011मध्ये 8 कोटी 30 लाख होते.

तरी त्या एवढ्याशा भाषेला स्वतःचं चॅनेल मिळालं, त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. निवडणुकीत वेल्श चॅनेलचा दिलेला शब्द ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या सरकारनं फिरवला. तेव्हा ग्विनफर एव्हन्स या वेल्श नेत्यानं 1980मध्ये जाहीर केलं की, ऑक्टोबरपासून मी आमरण उपोषणाला बसतो. लोकांनी लायसन भरायलाही नकार दिला. सरकार उपोषणाआधीच नमलं आणि 1 नोव्हेंबर 1982 रोजी चॅनेल सुरू झालं. बातम्या, रग्बी, पोरांचे कार्यक्रम, रोजची मालिका, सगळं वेल्शमध्ये. आता त्याचा सरकारी पैसा लायसनच्या रकमेतूनच येतो.

सह्याद्रीला माणसांची कमी नाही, भाषेची नाही, 1972पासूनच्या मुंबई केंद्राच्या ठेव्याचीही नाही. कमी आहे ती हक्काच्या पैशाची, आणि चॅनेल आपलं आहे असं समजून भांडणाऱ्या प्रेक्षकाची. म्हैसमाळचा टॉवर आला तेव्हा गच्चीवर अँटेना फिरवताना आपण किती भांडलो! "आलं का रे?" "मुंग्या यायल्यात!" तेवढं भांडण त्यानंतर टीव्हीसाठी कुणी केलं नाही.

प्रश्न : मालिका संपतच नाहीत. परदेशातही असंच दळण असतं का? आणि सगळ्या मालिका पुण्या-मुंबईतच का घडतात? (जालना, गृहिणी)

ताई, पहिल्या प्रश्नात तुम्हाला दिलासा देता येत नाही. इंग्लंडात 'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिका 9 डिसेंबर 1960 रोजी सुरू झाली, ती अजून चालू आहे. पण ब्राझील-मेक्सिकोची रीत निराळी. तिथली टेलिनोव्हेला आठवड्याला पाच-सहा भाग दाखवते, पण काही महिन्यांत संपते. संपणार हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, म्हणून लेखक गोष्ट शेवटाकडं ओढत नेतो. आपल्याकडं टीआरपी चांगला असेपर्यंत गोष्टीला मरण नाही. मेलेलं पात्रही तोंडावळा बदलून परत येतं.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. त्यासाठी जपानकडं बघा. एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीवर 1961पासून सकाळची मालिका असते. रोज पंधरा मिनिटं, सहा महिन्यांत गोष्ट पूर्ण. अर्धं वर्ष टोकियोचं केंद्र ती करतं, अर्धं वर्ष ओसाकाचं. बहुतेक वेळा दर मालिकेला नवा प्रांत आणि त्या प्रांताची बोली. मालिका चालू झाली की त्या गावात पर्यटकांची रीघ लागते. 'कोरोनेशन स्ट्रीट'मधली माणसंही लंडनचं नाही, मँचेस्टरकडचं बोलतात, आणि नायकनायिकाही तसंच बोलतात. आपल्याकडं "कुठं चाललास बे" किंवा "काय करायलाव" म्हणणारा मालिकेत बहुधा नोकर असतो नाहीतर विनोदाला आणलेला पाव्हणा. रडायची वेळ आली की पुणेरीच लागते.

यात मोजमापाचाही हात आहे. 2015मध्ये बार्क ही संस्था ग्रामीण घरांतही मीटर बसवू लागली. त्याआधी टीआरपी म्हणजे शहरांचीच आवड. घनसावंगीच्या किंवा भोकरदनच्या खेड्यातली बाई मालिका बघायची, पण मोजली जायची नाही. आता मोजली जाते, तरी लिहिणारे अजून तिकडचेच.

प्रश्न : आपल्याकडं डीडी किसान आहे. अमेरिकेत शेतकऱ्यांचं चॅनेल असतं का? (परभणी, शेतकरी)

असतं. आरएफडी-टीव्ही, 2000 साली सुरू झालेलं. बाजारभाव, जनावरांचे लिलाव, ट्रॅक्टरच्या ओढाओढीच्या शर्यती आणि जुनी गावाकडची गाणी. सगळा खर्च खासगी. तिथं सरासरी शेत साडेचारशे एकरांच्या वर असतं. त्यामुळं ट्रॅक्टरवाल्यांना आणि बियाणेवाल्यांना तो प्रेक्षक हवाहवासा वाटतो. आपल्या महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा सव्वातीन एकरांच्या आसपास. एवढ्या तुकड्यावर जाहिरातदार चॅनेल पोसत नाही. म्हणून दिल्लीजवळच्या 80 गावांसाठी 26 जानेवारी 1967 रोजी सुरू झालेल्या 'कृषिदर्शन'पासून 2015च्या डीडी किसानपर्यंत सगळं सरकारलाच करावं लागलं. बीबीसीवर 'कंट्रीफाइल' हा गावशिवाराचा कार्यक्रम रविवारी लागतो, पण तो बघणारे बरेचसे शहरातले. सोयाबीनच्या येलो मोझॅक रोगाबद्दल विचारायचं असेल तर तुमच्या गावातलं कृषी विद्यापीठच बरं.

प्रश्न : परदेशातल्या बातम्यांच्या चॅनेलांवरही असाच आरडाओरडा असतो का? (नांदेड, विद्यार्थी)

अमेरिकेत असतो. इंग्लंडात कमी. तिथं ऑफकॉम ही संस्था बातम्यांत निःपक्षपातीपणाची अट घालते आणि ती मोडली तर दंडही करते. आपल्याकडं चॅनेलांचं नियमन मुख्यतः चॅनेलांच्याच संघटना करतात. बाकी तू सुज्ञ आहेस.

प्रश्न : जपानमध्ये भूकंपाआधी टीव्हीवर सूचना येते. 1993ला आपल्याकडं तसं असतं तर? (औसा तालुका)

या प्रश्नाला उत्तर देताना हात जड होतो. किल्लारीचा भूकंप : 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपलेली.

जपानची पद्धत अशी : भूकंपाची पहिली लाट वेगानं येते पण कमी हादरवते, नाश करणारी लाट मागून येते. पहिली लाट यंत्रांनी पकडली की 2007पासून एनएचकेवर लगेच सूचना झळकते. लांबच्या शहराला काही सेकंद मिळतात. आणखी एक गोष्ट : त्सुनामीसारख्या संकटात बंद असलेला खास संच आपोआप चालू करणारा संकेत जपाननं 1985पासूनच ठेवलाय. 1 जानेवारी 2024च्या भूकंपात एनएचकेची निवेदिका चक्क ओरडून लोकांना पळायला सांगत होती. 2011च्या त्सुनामीत शांत सुरात दिलेल्या सूचनांनी लोक पुरेसे हलले नाहीत, हे ते शिकले होते.

पण किल्लारीत भूकंपाचं केंद्र गावांच्या जवळजवळ पायाखालीच होतं, तेही उथळ. तिथं दोन लाटांमध्ये सूचना पोचण्याएवढं अंतरच नव्हतं. सास्तूरला, किल्लारीला जपानचा टीव्हीही उपयोगी पडला नसता. माणसं मेली ती मातीच्या, दगडाच्या जड भिंतींखाली. 2024मध्ये मार्चात आणि जुलैत हिंगोलीकडं धक्के बसले, तेव्हा लोक मोबाइल बघत बाहेर पळाले. टीव्ही कुणीच लावला नाही. तुमच्या घराच्या भिंती जुन्या असतील तर आधी त्या दाखवून घ्या, टीव्हीचं नंतर बघू.