फोल्डरच्या पोटातले फोल्डर : एका फंक्शनविषयी पत्र

अनेक आशीर्वाद.

दिलेल्या फोल्डरातल्या आणि त्याच्या पोटातल्या सगळ्या फोल्डरांतल्या फाइलींची यादी देणारे तुझे पायथनमधले फंक्शन सावकाश वाचले. ते चालते, यात शंका नाही. पण फोल्डर दिसले की फंक्शनने स्वतःलाच पुन्हा कॉल करायचे, एवढा भाग कोणालाही दहा ओळींत जमतो. ते वापरणाऱ्याला तू नेमके काय कबूल करत आहेस, हे मात्र तुझ्या कोडवरून कळत नाही, आणि डिझाइनचे खरे काम तेथेच आहे.

आधी एक दोष. निकाल जमा करण्यासाठी तू रिकामी यादी पॅरामीटरची डीफॉल्ट किंमत म्हणून ठेवली आहे. पायथनमध्ये ही किंमत फंक्शनची व्याख्या होताना एकदाच तयार होते, त्यामुळे त्याच प्रोग्राममध्ये दुसरा कॉल केला की पहिल्या फेरीतल्या फाइलीही यादीत हजर राहतात. तुझ्या टेस्टमध्ये कॉल एकच असल्याने हे दिसले नाही.

माझ्या मते ती यादी काढूनच टाकावी आणि फंक्शनने जनरेटर, म्हणजे मागेल तशी एकेक फाइल देणारी वस्तू, परत द्यावा. ज्याला पहिली जुळणारी फाइल मिळाली की थांबायचे आहे, त्याच्यासाठी लाखो फाइली मेमरीत भरण्याचे कारण नाही, आणि ज्याला पूर्ण यादीच हवी आहे तो ती स्वतः सहज करून घेईल. मात्र जनरेटरचे काम पहिली फाइल मागेपर्यंत सुरूच होत नाही, त्यामुळे मूळ फोल्डर अस्तित्वात नसेल तर एरर कॉलच्या ओळीवर न येता पुढे कोठेतरी लूपमध्ये येते. यासाठी बाहेरच्या साध्या फंक्शनने मूळ फोल्डराचा पाथ (पत्ता) तपासावा आणि मगच आतला जनरेटर परत द्यावा.

एक्स्टेन्शन, किमान आकार, लपलेल्या फाइली यांसाठीचे पॅरामीटर निःसंकोच काढून टाक; ही गाळणी वापरणारा एका ओळीत लावू शकतो. एका गोष्टीला मात्र अपवाद करावा लागेल. एखाद्या फोल्डरात मुळात उतरायचेच नाही, हा निर्णय बाहेरून घेता येत नाही, कारण जावास्क्रिप्ट प्रकल्पातल्या नोड मॉड्यूल्ससारख्या अवाढव्य फोल्डरातल्या फाइली नंतर गाळल्या तरी ते संपूर्ण पालथे घालण्याचा वेळ गेलेलाच असतो. पायथनमधले फोल्डरांतून फिरणारे तयार फंक्शन ‘ओएस.वॉक’ यासाठी उपफोल्डरांची यादी वापरणाऱ्याच्या हाती देते आणि त्याने तिच्यातून नावे काढली की तेथे उतरत नाही. युक्ती हुशारीची आहे, पण त्याच नावाच्या व्हेरिएबलमध्ये नवी यादी ठेवली तर काहीच परिणाम होत नाही, आणि खालून वर फिरताना तर ती निरुपयोगीच ठरते. त्यापेक्षा ‘या फोल्डरात उतरायचे का?’ याचे उत्तर देणारे फंक्शन पॅरामीटर म्हणून घेणे मला अधिक सरळ वाटते.

आता सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे किंवा फोल्डराकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी. तुझ्या कोडमध्ये त्यांचा विचारच नाही, म्हणजे त्या आपोआप फोल्डर समजल्या जातात. लिनक्सवर एका फोल्डरात ‘जुने’ नावाची सिमलिंक कर, ती त्याच फोल्डराकडे वळव आणि शेजारी एकच फाइल ठेव. तुझे फंक्शन ‘जुने’मध्ये, मग ‘जुने/जुने’मध्ये असे उतरत जाईल, आणि एका पाथमध्ये 40 सिमलिंकपर्यंतच जाण्याची कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) मर्यादा आडवी आली की तपासणीचे उत्तर ‘हे फोल्डर नाही’ असे येईल. फंक्शन निमूट संपेल, एरर दिसणार नाही, आणि यादीत ती एक फाइल 41 वेळा असेल. अशा दोन सिमलिंक असल्या तर प्रत्येक पायरीवर दोन वाटा फुटतात आणि ते व्यवहारात संपतच नाही. म्हणून सिमलिंकमागे जायचे नाही, हेच डीफॉल्ट ठेव. कोणी मुद्दाम जायला सांगितले, तर प्रत्येक फोल्डराचा डिव्हाइस क्रमांक आणि आयनोड क्रमांक (त्या डिव्हाइसवरची फोल्डराची स्वतःची ओळख) यांची जोडी नोंदवून ठेव, आणि तीच जोडी पुन्हा आली की मागे फिर.

परवानगी नसलेले फोल्डर ‘ओएस.वॉक’ सांगितल्याशिवाय गुपचूप वगळते. तू तसे करू नकोस. बॅकअप घेणाऱ्याला एक अख्खे फोल्डर सुटल्याचे कळलेच नाही, तर अशा यादीचा उपयोग काय? एरर आली की काय करायचे हे वापरणाऱ्याला ठरवू दे, आणि त्याने काहीच सांगितले नसेल तर ती वर जाऊ दे. फाइल दिसली आणि माहिती वाचण्याआधीच कोणी ती पुसली, हा प्रसंग मात्र नेहमीचा आहे. तो वेगळा ओळखून पुढे जाणेच योग्य.

वेगाबद्दल थोडक्यात. तू आधी नावे घेऊन मग प्रत्येक नावासाठी ‘ही फाइल आहे का, फोल्डर आहे का’ असे ऑपरेटिंग सिस्टिमला पुन्हा विचारले आहे. 2015 मध्ये पायथन 3.5 मध्ये आलेले ‘स्कॅनडिर’ फाइल की फोल्डर ही माहिती बहुतेक वेळा नावाबरोबरच देते. त्याच्या मूळ प्रस्तावात ‘ओएस.वॉक’ विंडोजवर सुमारे 8 ते 9 पट आणि लिनक्ससारख्या सिस्टिमवर 2 ते 3 पट वेगवान होते असे नोंदवले आहे.

नावे कोणत्या क्रमाने येतील याचा भरवसा नसतो, म्हणून प्रत्येक फोल्डरातली नावे क्रमाने लावून दे. शिवाय आपल्या लिपीतल्या नावांवर टेस्ट घ्यायला विसरू नकोस. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा 255 बाइटची असते आणि यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्त धरून, 3 बाइट घेते, म्हणजे 85 चिन्हांत जागा संपते. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल सिस्टिमवर ‘दऱ्या’ या नावातला ‘ऱ’ हा ‘र’ आणि खालचा नुक्ता असा सुटा करून साठवला जातो. त्यामुळे तेथून वाचलेले नाव तुझ्या कोडमधल्या नावाशी डोळ्यांना सारखे दिसूनही तुलनेत वेगळे ठरते. फंक्शनने नाव जसे मिळाले तसेच परत द्यावे, आणि तुलना करणाऱ्याने दोन्ही नावे आधी एकाच रूपात आणावीत.

परवानगी नसलेल्या फोल्डराची टेस्ट लिहिताना ती रूट, म्हणजे सर्वाधिकारी, युजर म्हणून चालवू नकोस. रूटला ते फोल्डर उघडता येते, एरर येतच नाही आणि तुझी एरर हाताळणी न तपासताच राहते. कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळा चालवण्याच्या बंदिस्त वातावरणात, टेस्ट बहुधा रूट म्हणूनच चालतात, तेव्हा युजर आधी बदलून घे. नवे रूप तयार झाले की टेस्टसह पाठव.

कळावे.