पानाच्या शिरा दारावर नको, छतात घाल

तुझ्या इलेक्ट्रिक गाडीची स्केचेस पाहिली. दारावरच्या पानाच्या शिरा छान दिसतात, पण ती नुसती नक्षी झाली. झाडावर त्या पानाला ताठ ठेवतात. तेच काम त्यांना छताच्या सांगाड्यात दे, तिथे कमी वजनात मजबुती हवीच असते.

मर्सिडीज-बेंझची २००५ची बायॉनिक ही कॉन्सेप्ट कार (कल्पना दाखवायला बनवलेली नमुना गाडी) नीट अभ्यास. (ती डिझेलवर चालायची, पण आपल्याला मतलब आकाराशी.) बॉक्सफिश या खोक्यासारख्या माशावरून बेतलेली, ड्रॅग कोएफिशंट (आकाराला हवा किती अडवते ते सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) फक्त ०.१९. तिच्या सांगाड्याची रचनाही हाडं जशी ताणाच्या जागी जाड होतात, त्या तत्त्वावर केली होती. मला तर तोच भाग जास्त आवडतो. गंमत म्हणजे पुढे २०१५मध्ये संशोधकांनी तपासलं, तर मासा स्वतः पाणी कापण्यात तितका सफाईदार निघाला नाही! तेव्हा कल्पना कुठूनही घे, हवेची चाचणी मात्र तुझ्या आकाराचीच कर.

आणि आधी चाकं, बॅटरी आणि माणसं कागदावर बसव. बॅटरी तळाशी पसरते, आसनं वर सरकतात, मग बाजूनं गाडी जाडी दिसते. वळणदार रेषा त्यानंतर. मागचं टोक थेंबासारखं निमुळतं करत ने, पण शेपूट लांबवू नकोस, सरळ काप.