दोन वर्षांच्या मुलाला सारखा सर्दी-ताप येतो. घरी काय करावं आणि डॉक्टरकडे कधी न्यावं?

पाळणाघर सुरू झाल्यापासून मुलगा सतत आजारी असतो, त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे का, असं तुम्ही विचारलंय. बहुधा नाही. या वयात वर्षाला ६ ते ८ वेळा सर्दी होतेच, पाळणाघरात जाणाऱ्यांना त्याहून जास्त. सर्दी ७ ते १० दिवस चालते आणि खोकला २-३ आठवडे रेंगाळतो, त्यामुळे एक दुखणं संपायच्या आत दुसरं सुरू होतं. मधल्या दिवसांत तो खेळत असेल आणि वजन वाढत असेल, तर ताकदीच्या सिरपवर पैसे घालवू नका. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणून अँटिबायोटिकही लागत नाही. व्हायरसच्या साध्या सर्दीतही रंग बदलतो.

सर्वात जास्त चुका तापाच्या औषधात होतात. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर, २४ तासांत जास्तीत जास्त ४ डोस. मूल १२ किलोचं असेल तर १२० ते १८० मिलिग्रॅम. आता बाटली नीट वाचा. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असेल तर हे ५ ते साडेसात मिली होतं. ५ मिलीत २५० असेल तर साधारण अडीच ते साडेतीन मिली. ड्रॉप्स त्याहून कडक असतात. जुनी बाटली संपून नवी आली आणि ‘नेहमीचे पाच मिली’ दिले, की दुप्पट डोस गेला. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, सिरिंजने मोजा. सर्दी-खोकल्याच्या मिश्र सिरपमध्येही पॅरासिटामॉल असू शकतं. तसंही एवढ्या लहान मुलाला ती सिरपं देऊच नयेत. ॲस्पिरिन अजिबात नाही. ताप ३८.५ अंश सेल्सिअस (१०१.३ फॅरनहाइट) असूनही मूल मजेत खेळत असेल तर औषधाची घाई नको. औषध आकडा उतरवायला नाही, मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं.

नाक चोंदलं असेल तर जेवण-झोपेच्या आधी प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे (नाकात टाकायच्या मिठाच्या पाण्याचे) २-३ थेंब टाका, मिनिटभर थांबा, मग नाक साफ करायच्या रबरी बल्बने शेंबूड ओढा. बल्ब बाहेरच दाबून मग टोक नाकात धरायचं आणि हळूच सोडायचं. आत घालून दाबलात तर शेंबूड उलटा वर जातो. दिवसातून ३-४ वेळा पुरे, जास्त ओढलं की आतली त्वचा सुजते. गरम पाण्याच्या भांड्याची वाफ नको, भांडं कलंडून मुलं भाजतात. रात्रीच्या खोकल्याला अर्धा ते एक चमचा मध चालतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला कधीच नाही.

थर्मामीटरपेक्षा श्वासाकडे जास्त लक्ष द्या. मूल शांत किंवा झोपलेलं असताना शर्ट वर करून पूर्ण ६० सेकंद श्वास मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. १ ते ५ वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांच्या बाळात ५० किंवा जास्त म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल उठवूनही नीट उठत नसेल किंवा आकडी आली, तर थेट हॉस्पिटल. ८ तासांत लघवी नाही, ताप ३ दिवसांहून जास्त, किंवा उतरून एखाद-दोन दिवसांनी पुन्हा चढला, तरी दाखवून घ्या. घरात ३ महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याचा ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) ताप ही थांबण्याची गोष्ट नाही.

फ्लूची लस ६ महिन्यांपासून दरवर्षी देता येते. पहिल्यांदा देताना ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. आणि पाळणाघरात परत पाठवायचं ते औषधाशिवाय २४ तास ताप आला नाही की मगच. सकाळी डोस देऊन पाठवलेलं मूल दुपारी तापतं, तोवर सगळी खेळणी त्याच्या तोंडात जाऊन आलेली असतात.