स्वयंपाकघरात सिंकच्या वर डीबी (घरभर वीज वाटणारी मुख्य पेटी) बसवली तर चालेल का?

नाही, तिथे बसवू नका. वायरमन ‘झाकण आहे, काही होत नाही’ म्हणाला तरीही. घरगुती वायरिंगच्या आयएस ७३२ या भारतीय मानकात गॅस शेगडीच्या किंवा सिंकच्या वर, तसंच बाथरूम-संडासात स्विचबोर्ड (डीबीही त्यातच आली) लावायला स्पष्ट मनाई आहे. नळाचं पाणी उडतं ते दिसतं तरी. फोडणीची तेलकट वाफ मात्र झाकणाच्या फटीतून आत जाते, तांब्याच्या जोडांवर हिरवा थर धरतो, जोड तापतो आणि एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) ट्रिप न होताच वायरचं कोटिंग जळायला लागतं.

डीबी पॅसेजमध्ये किंवा मुख्य दाराजवळ घ्या. तळ जमिनीपासून साधारण सव्वा मीटरच्या वर, माथा दोन मीटरच्या आत, म्हणजे अंधारातही हात पोचतो. समोर कपाट येऊ देऊ नका. आत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवीच, आणि महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटण दाबून पाहा.

स्वयंपाकघराच्या भिंतीची बाहेरची बाजू चालेल, पण त्या भिंतीतून पाण्याचा पाइप गेलेला नसेल तरच. प्लंबरला विचारूनच खाच मारा.